वाक्य जुळायच्या आधी की नंतर?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मुलांचे निबंध, वाढदिवसाचे संदेश, अगदी रजेचे अर्जसुद्धा हल्ली एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. संगणक आणि मोबाइलवरच्या संवादामुळे माणसाचं वेगळेपण खरंच कमी होतंय का? मुलांना पुन्हा हातानं लिहायला लावलं तर काही फरक पडेल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, काही ठिकाणी कमी होतंय, आणि मला ते कामात रोज दिसतं. दुसऱ्याचं उत्तर, नुसतं हातानं लिहून फरक पडणार नाही. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर येऊन ठरतं : यंत्र वाक्य जुळायच्या आधी येतं की नंतर. वाक्य मनात जुळलं आणि मग ते टंकायला, पाठवायला, छापायला यंत्र वापरलं, तर माणूस फारसा हरवत नाही. ते जुळायच्या आतच यंत्रानं तयार वाक्य पुढ्यात ठेवलं, तर हरवतो.

हे मी मुद्रितशोधक आणि संपादक म्हणून सांगते. खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून करायची छपाई संपत आली तेव्हा मी गॅलीप्रुफं, म्हणजे तपासायच्या कच्च्या प्रती वाचायला लागले, आणि आज पीडीएफवर खुणा करते. मधल्या काळात दिवाळी अंकांसाठी आलेलं लेखन मी हस्तलिखितात वाचलं, टंकलिखितात वाचलं, फॅक्सवर वाचलं, आता व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलींत वाचते. एकाच लेखकाचं लेखन अशा वेगवेगळ्या रूपांत वाचायला मिळालं, की काय टिकलं आणि काय गेलं हे समोरासमोर ठेवून बघता येतं.

गेलेलं आधी सांगते. अक्षर गेलं. पूर्वी पाकीट उघडायच्या आधी पत्त्यावरूनच कळायचं, कथा कोणाची आहे ते. कोणी पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, कोणी समास इतका मोठा सोडायचं की अर्धं पान रिकामं. पण अक्षरापेक्षा मला खाडाखोडीची हळहळ जास्त वाटते. हस्तलिखितात लेखकानं आधी काय लिहिलं होतं ते काट मारलेल्या ओळीखाली वाचता यायचं. ‘ती रडली’ हे खोडून वर ‘तिनं पदर खोचला’ लिहिलेलं असलं, की लेखक कुठून कुठे आला ते दिसायचं, आणि संपादन करताना त्या वाटेनं जाता यायचं. वर्डच्या फाइलीत सगळं पहिल्यापासून तसंच असल्यासारखं गुळगुळीत असतं. माणूस विचार करताना अडखळतो कुठे, हे त्याच्या वेगळेपणाचं फार खरं चिन्ह आहे, आणि ते संगणकानं नक्कीच पुसलं.

मात्र हे चिन्ह वाचकाला कधीच दिसत नव्हतं, ते मला आणि खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला दिसायचं. वाचकाच्या हाती जायचं ते खिळ्यांतून आलेलं एकसारखं पान. त्या खिळ्यांची बंधनं आजच्या कीबोर्डापेक्षा कितीतरी जाचक होती. देवनागरीची जोडाक्षरं, वर-खालच्या मात्रा आणि उकार धरले की खिळे ठेवायच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, शेकड्यांनी घरं लागायची. ती कमी व्हावीत म्हणून ‘केसरी’साठी लोकमान्य टिळकांनी खटपट केली होती. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ‘अि, अी, अु, अू’ ही अ-ची बाराखडी ‘किर्लोस्कर’ मासिकानं वापरली. तुम्ही घरी कागदावर ‘इ’ लिहिली असली तरी त्या अंकात ती ‘अि’ होऊनच छापली जायची. त्यामुळे वाचकांनी त्या पानांवरच्या लेखकांना एकमेकांत मिसळलं असं काही झालं नाही.

पत्रांचंही तेच. आपण जुन्या पत्रांच्या आठवणीनं हळवे होतो, पण जुनं मराठी पत्र म्हणजे साच्यांची माळ असायची. ‘शि. सा. न. वि. वि.’, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम लिहीत जावे’, ‘पत्रास कारण की’, आणि शेवटी ‘लहानांस आशीर्वाद’. मायना ठरलेला, शेवट ठरलेला. गावात कित्येकांची पत्रं शाळामास्तर किंवा पोस्टमन लिहायचा, म्हणजे अक्षरही त्यांचं नसायचंच. तारेचं तर विचारूच नका. तार ऑफिसात शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक दिलेले असायचे. आपण क्रमांक निवडायचा, पलीकडे ठरलेलं वाक्य पोचायचं. ती सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, म्हणजे व्हॉट्सॲपवर तयार शुभेच्छा फिरायला लागेपर्यंत तयार शुभेच्छांची तार चालूच होती. साचा ही संगणकाची देणगी नाही, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. पत्रातला माणूस मायन्यात नव्हताच. तो ‘पत्रास कारण की’च्या पुढच्या ओळीत असायचा : म्हैस आटली, धाकटीला खोकला आहे, मामांना सांगू नका.

ती पुढची ओळ टंकून लिहिली तर माणूस त्यात राहतो का? राहतो, आणि याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत १७८७-८८ साली नव्या राज्यघटनेच्या बाजूनं ८५ निबंध ‘पब्लियस’ या टोपणनावानं छापले गेले. त्यांतले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे (हे दोघेही तिथले त्या काळचे नेते), यावर पुढे दीडशेहून अधिक वर्षं वाद चालला. अक्षर पाहायची सोय नव्हती, छापील मजकूर तेवढा होता. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी त्यातले विषय किंवा मतं न बघता अगदी बारीकसारीक शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन वारंवार वापरायचा, मॅडिसन जवळजवळ कधीच नाही. असे कितीतरी शब्द जमवून त्यांनी दाखवून दिलं की वादातले निबंध मॅडिसनचे असण्याची शक्यता फार मोठी आहे. ही मोजणी करायला त्यांनी संगणकाचीच मदत घेतली होती.

मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण आम्ही प्रुफं वाचणारे हे न मोजता करतच असतो. एक लेखिका प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ‘च’ लावते. एकांना ‘आणि’ चालत नाही, सगळीकडे ‘व’ हवा. एका ज्येष्ठ लेखकांचं वाक्य क्रियापदावर संपतच नाही, ‘गेला तो निघून’ असंच येतं. सगळ्यांच्या फाइली एकाच फॉंटात आल्या आणि वरची नावं काढून टाकली, तरी कोणतं कोणाचं ते अर्ध्या पानात कळतं. कीबोर्डानं यातलं काही काढून घेतलेलं नाही.

आता जिथे खरोखर जातं, तिथे येऊ. ते एकदम जात नाही. आपण काही निवडलंच नाही आणि यंत्रानं आपल्या वतीनं निवडलं, अशा छोट्या छोट्या जागांतून ते झिरपून जातं.

सगळ्यात लहान जागा अक्षरांच्या वळणाची. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहितात. वर्णमाला प्रमाण करताना महाराष्ट्र शासनानं २००९ साली हीच रूपं धरली. विंडोजसोबत आलेल्या मंगल फॉंटात मात्र हिंदी वळणाचा ‘ल’ होता, आणि फॉंट बदलता येतो हे ठाऊक नसलेल्या कचेऱ्यांतून तोच ‘ल’ वर्षानुवर्षं छापला गेला. आता बऱ्याच चांगल्या फॉंटांत मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच ती दिसतात. सोय आहे, कोणी निवडत नाही. तेच ‘ऱ्य’चं. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ बोलावलं तर स्वयंपाक होईल आणि ‘आचार्यास’ बोलावलं तर पूजा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ आहे, त्याला हलन्त लावून ‘य’ जोडला की काम होतं. पण मोबाइलवर त्यासाठी एक कळ दाबून धरावी लागते, आणि तेवढ्या आळसापायी ‘सह्याद्रीच्या दर्या’ माझ्याकडे दर दिवाळीला येतात. ही माणसाची ओळख पुसणारी गोष्ट नाही, भाषेची आहे. पण कसं घडतं ते यातून उघडं दिसतं.

त्याहून मोठी जागा कीबोर्डच्या वरच्या पट्टीतल्या तीन शब्दांची. तुम्ही ‘मला’ लिहिता, वर ‘वाटतं’, ‘माहीत’, ‘पण’ असं काहीतरी येतं. ही पट्टी काय करते? बहुतेक लोक पुढे काय लिहितात ते सुचवते. तिचं कामच तेवढं आहे. गुगलनं २०१५च्या अखेरीस जीमेलच्या ‘इनबॉक्स’ या ॲपमध्ये तयार उत्तरं सुचवायला सुरुवात केली, तेव्हा आतल्या चाचण्यांत ते यंत्र कशालाही ‘आय लव्ह यू’ असं उत्तर सुचवत होतं, हे त्यांच्या संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे. लोक ते वाक्य फार वेळा लिहितात, म्हणून गोंधळलं की यंत्र त्याचाच आधार घ्यायचं. पुढे त्यांनी ते सुधारलं. पण मूळ ओढ तीच राहते : सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य सर्वांत आधी समोर. आणि ज्याची वाक्यं सर्वांत कमी वापरलेली, त्याला आपलं लिहायला सर्वांत जास्त कळा दाबाव्या लागतात. वऱ्हाडीतलं ‘काऊन’, मालवणीतलं ‘खंय’, अहिराणीतलं ‘शे’ लिहिताना हे रोज अनुभवाला येतं. ‘व्हतं’ लिहिलं की पट्टी ‘होतं’ पुढे करते. दमलेला माणूस पट्टीचं ऐकतो.

आणि सर्वांत जास्त नुकसान जिथे होतं ती जागा तुमच्याही फोनमध्ये असेल. गटावर कोणाच्या जाण्याची बातमी येते. पहिला लिहितो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली जोडलेले हात. मग तेच, तेच, तेच. कॉपी करून चिकटवलेलं, कधी कधी मागच्या कोणाच्या बातमीखालचं नावसुद्धा न बदलता. आमच्या ओळखीतल्या एका वडीलधाऱ्यांच्या वेळी असंच चाललं होतं. मध्येच त्यांच्या पुतण्याच्या एका मित्रानं लिहिलं : ‘काकांनी आम्हा पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला डालडाचा डबा बांधायचे आणि स्वतः आधी उडी मारायचे.’ त्यानंतर गट बदलला. कोणी डब्याची दोरी कशी करकचून बसायची ते लिहिलं, कोणी काका पाण्यातून हाक कशी मारायचे ते. मुंबईतल्या, आखातातल्या, अमेरिकेतल्या माणसांनी एका रात्रीत त्या एका माणसाचं जेवढं चित्र उभं केलं, तेवढं कोणत्याही शोकसभेत झालं नसतं. फोन तोच, गट तोच. फरक एवढाच की एकानं आपलं वाक्य लिहिलं.

म्हणूनच फॉरवर्डविषयी मी कडक आहे. २०१८ साली व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, ती अफवांमुळे आणि त्यातून झालेल्या हत्यांमुळे. पण सुप्रभातापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं दुसऱ्याचं पुढे ढकलायची जी सवय लागली आहे, तिला कंपनीची मर्यादा पुरणार नाही. आईला वाढदिवसाला गुलाबांचं चित्र पाठवण्यापेक्षा ‘आज कांद्याची थालीपीठं आठवली’ एवढं पाठवा. ती ते दहा जणींना दाखवेल.

आता मसुदा लिहून देणारी यंत्रं आली आहेत, आणि तुमच्या निबंधांचं मूळ बहुधा तिथेच आहे. एका नव्या लेखकानं कथा पाठवली. पहिल्या मसुद्यात जावई सोडून गेल्याची बातमी वडिलांना कळते तो प्रसंग असा होता :

‘आबा उठले. दारापर्यंत गेले. चपला घातल्या. काढल्या. येऊन बसले.’

आठवड्यानं त्यानं ‘सुधारलेली’ प्रत पाठवली. त्यात होतं :

‘आबांच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. त्यांच्या डोळ्यांत एक अनामिक वेदना तरळत होती.’

दुसऱ्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण ते आबा कोणाचेही आहेत. चपला घालून पुन्हा काढणारे आबा त्या पोरानं कुठेतरी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. मी त्याला फोन केला आणि पहिला मसुदाच छापू म्हटलं. तो म्हणाला, ‘मॅडम, ते फार साधं वाटत होतं.’ माझी काळजी नेमकी इथे आहे. यंत्र वाक्य बदलतं ते बदलतंच, वर आपलं वाक्य कमी दर्जाचं आहे असं माणसाला वाटायला लावतं. गुळगुळीत मजकूर बघून बघून स्वतःचा खडबडीतपणा त्याला चूक वाटू लागतो.

‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० जणांना अगदी छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना यंत्रानं सुचवलेल्या कल्पना बघायची मुभा होती, काहींना नव्हती. कल्पना बघितलेल्यांच्या गोष्टी वाचकांना एकेकट्या वाचताना जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः जे मुळात कमी सर्जनशील होते त्यांच्या. पण त्या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्या निघाल्या. तुमच्या वर्गात नेमकं हेच घडतं आहे. एकेक वही चांगली, आणि गठ्ठा वाचताना जीव गुदमरतो. एकेका मुलाला आपला फायदा झाला असंच वाटतं, म्हणून त्याला नुकसान समजावणं कठीण जातं.

तरीही संगणकाला सरसकट दोष द्यायला मी तयार नाही, आणि त्याला एक मोठं कारण आहे. ज्यांचं वेगळेपण पूर्वी कागदावर यायलाच वाट नव्हती, त्यांना ती याच यंत्रांनी करून दिली. माझ्या ओळखीच्या एक दृष्टिहीन लेखिका पूर्वी लेखनिकाला सांगून लिहायच्या. लेखनिक बदलला की त्यांची भाषा बदलायची. कॉलेजातली मुलगी असली की वाक्यं छोटी, निवृत्त गृहस्थ असले की ‘तथापि’ आणि ‘अर्थात’. त्यांचं स्वतःचं वाक्य कसं आहे हे मला कित्येक वर्षं कळलंच नव्हतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा पडदावाचक आला, एनव्हीडीएसारखा तर फुकट मिळतो, आणि त्या स्वतः टंकायला लागल्या. तेव्हा प्रथम कळलं की त्यांची वाक्यं आवाजांनी भरलेली आहेत : जिन्यावरच्या पावलांवरून त्या माणूस ओळखतात आणि तसाच तो लिहितात. इथे यंत्र वाक्याच्या नंतर आलं, आणि मधला माणूस बाजूला झाला. गुगलचं मराठी बोलून लिहिणं २०१७ साली आलं, त्यानंतर ज्यांना लिहायचा सराव नाही अशा कितीतरी बायकांचं लेखन मी वाचलं. त्यात विरामचिन्हं नसतात, पण ती बोलणारी बाई पहिल्या ओळीपासून समोर बसलेली असते. मालवणी आणि अहिराणीत आज जेवढं लिहिलं जातंय, तेवढ्याला छापील मासिकांनी कधीच जागा दिली नव्हती. आम्ही संपादकांनीच ते ‘प्रमाण’ करून घेतलं असतं.

तर आता तुमचा वर्ग. हातानं लिहून का फरक पडणार नाही, ते तुम्हाला स्वतःच्या शाळेवरून आठवेल. पावसाळ्यावरचा प्रत्येक निबंध ‘नेमेचि येतो मग पावसाळा’नं सुरू व्हायचा, आणि प्रत्येक सहलीच्या दिवशी सूर्य ‘सोनेरी किरणांची उधळण’ करायचा. सगळं स्वहस्ते, शाईपेनानं, गाइडमधून. मोबाइल नव्हता. गाइडही वाक्याच्या आधी यायचं, म्हणून परिणाम तोच व्हायचा.

बदलायचा असेल तर विषय बदला. ‘माझा आवडता ऋतू’ दिला की यंत्राला सगळं ठाऊक असतं. ‘आमच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा’ दिलं की त्याला काहीच ठाऊक नसतं : पाणी किती वाजता येतं, पहिली कळशी कोणाची, भांडण कोणत्या दोघींचं. ‘आजीच्या पेटीत काय आहे’, ‘बसस्टँडवरचा उद्घोषक’, ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू आणि ती का टाकली नाही’ असे विषय द्या. पहिला मसुदा वर्गात लिहून घ्या, कागदावर किंवा मोबाइलवर, कसाही. फक्त मोबाइलवर असेल तर सुचवण्यांची पट्टी सेटिंगमधून बंद करायला लावा. ती बंद होते, बहुतेक मुलांना हे ठाऊक नसतं. ज्यांना घरची बोली वापरायची असेल त्यांना तिचे शब्द फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात घालायला शिकवा. एकदा घातले की फोन ते खोडत नाही.

मसुदा झाल्यावर यंत्राला विचारायची मुभा द्या, पण प्रश्न ठरवून द्या. ‘हे चांगलं करून दे’ असं विचारायचं नाही. ‘यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखव, वाक्य बदलू नकोस’ असं विचारायचं. आणि दोन्ही प्रती मागून घ्या. तपासताना मुलाला जवळ बोलावून निबंधातल्या एखाद्या वस्तूविषयी तीन प्रश्न विचारा. पेटीला कुलूप होतं का? किल्ली कोणाकडे असते? तू ती कधी उघडलीस? ज्यानं पाहिलं आहे तो सांगत सुटतो, आणि सांगताना जे बोलतो ते लिहिलेल्यापेक्षा बहुधा सरस असतं. तिथेच त्याला थांबवून म्हणा, हेच आता लिहून आण.